आठवड्याची पिशवी: आधी भाजी बघा, मग बेत ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही होटगी रोडला राहता, घरात चार माणसं, तुम्ही दोघंही नोकरीला. एका शेतकरी गटाला हंगामाचे पैसे आगाऊ दिलेत आणि दर शनिवारी सहा-सात किलो भाजीची पिशवी घरी येते. तिच्यात निम्म्याहून जास्त पाला. अंबाडी, चुका, करडई, हरभऱ्याची भाजी यांचं काय करायचं ते कळत नाही, मुलं शेपूला हात लावत नाहीत आणि बुधवारपर्यंत बरीच भाजी पिवळी पडते. पुढच्या हंगामाचे पैसे भरावेत, की पूर्वीसारखं लक्ष्मी मंडईतून लागेल तेवढंच आणावं, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात खानावळ चालवते. आमची बहुतेक भाजी बऱ्याच वर्षांपासून दक्षिण सोलापुरातल्या एकाच शेतावरून येते. तिथे जे निघतं ते आमच्या ताटात, असा व्यवहार आहे. त्यामुळे तुमची अडचण मला रोजच्या कामातून माहीत आहे.

नवीन भाज्यांच्या कृती माहीत नाहीत म्हणून भाजी वाया जाते, असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते खरी अडचण क्रमाची आहे. तुम्ही आठवड्याचा बेत आधी ठरवता, म्हणजे सोमवारी वांगं, मंगळवारी मटकी, असं. मग पिशवीतलं त्यात काही बसतं का ते बघता. मंडईत जाताना ही पद्धत बरोबर आहे, कारण बेताप्रमाणे विकत घेता येतं. पिशवी घेतली की हे उलटं करावं लागतं. आधी काय आलंय ते बघायचं, त्यातलं आधी काय खराब होणार ते ओळखायचं आणि त्यावर बेत बसवायचा. प्रत्येक भाजीची वेगळी कृती शोधत बसलात तर दमून जाल. चार रीती हाताशी असल्या की शेतातलं जवळजवळ काहीही त्यात बसतं.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. फ्रिज किती मोठा आहे, घरात रोज भाकरी होते की पोळी, सकाळी डबे किती वाजता भरावे लागतात, निवडायला मदत करणारं कुणी आहे का. भाकरीच्या घरात पालेभाजी दुप्पट खपते, हे मी खात्रीनं सांगते. पोळीच्या डब्यात पातळ, घोटलेली भाजी नेता येत नाही, म्हणून ती रात्रीसाठी ठेवावी लागते. तेव्हा पुढचं सगळं आपल्या घराला जुळवून घ्या.

आधी पिशवी अशी का येते ते सांगते, कारण ते कळलं की राग कमी होतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला भरवशाचा पाऊस सप्टेंबरमध्ये. काळ्या रानात ओल धरून राहते आणि खरी पेरणी त्यानंतर होते. पालेभाजी पेरल्यापासून महिन्याभरात काढणीला येते, वांगी-टोमॅटोला अडीच-तीन महिने लागतात. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात पाल्याचा मारा होतो आणि फळभाजी मागून येते. उन्हाळ्यात नेमकं उलटं. मेथी, पालक, कोथिंबीर ऊन लागलं की लवकर फुलावर येतात, रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोचं फूल गळतं, आणि तग धरतात ती गवार, भेंडी, काकडी, भोपळा अशी मंडळी. करडईची भाजी म्हणजे पेरणीनंतर विरळणी करताना उपटलेली कोवळी रोपं. ती थोडेच दिवस मिळते, नंतर पानाला काटे येतात. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाडाला फुटवे जास्त येतात, म्हणून शेतकरी महिना-सव्वा महिन्याच्या पिकाचा खुडा करतो आणि तोच तुमच्या पिशवीत येतो. मंडईत या भाज्या अधूनमधूनच दिसतात, कारण त्या लगेच मलूल होतात. शेताशी थेट जोडून घेण्याचा हा फायदा आहे, फक्त तो शनिवार-रविवारीच उचलावा लागतो.

आता शनिवारचं काम. पिशवी आली की तासाभरात मोकळी करा. जुड्यांचे दोरे सोडा, कारण बांधलेल्या जुडीचा मध्य आधी सडतो. मुळा, गाजर, बीट यांचा पाला लगेच कापून वेगळा करा. पाला तसाच राहिला तर कंदातलं पाणी ओढून घेतो आणि दोन दिवसांत मुळा लिबलिबीत होतो. पिवळी पानं काढा, पण भाजी धुऊ नका. ओल राहिली की फ्रिजमध्ये ती काळी पडते. चिखल फारच असला तर धुऊन पंख्याखाली फडक्यावर पूर्ण सुकवा. मग जुन्या सुती साडीच्या किंवा पंचाच्या तुकड्यात सैल गुंडाळून ठेवा. टोमॅटो, भोपळा, कांदे बाहेरच राहू द्या. वांगी आणि काकडी फार गारठ्यात डागाळतात, त्यांना फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा द्या आणि तीन-चार दिवसांत संपवा.

खाण्याचा क्रम असा लावा: शनिवारी रात्री आणि रविवारी सगळ्यात नाजूक, म्हणजे हरभऱ्याचा पाला, करडई, चुका, कोथिंबीर. सोमवार-मंगळवार मेथी, शेपू, अंबाडी, कांद्याची पात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत वांगी, घेवडा, गवार, भेंडी. शेवटी दुधी, गाजर, बीट, मुळा, भोपळा. शुक्रवारी दुधी शिल्लक राहिला तर काही बिघडत नाही, पण चुका शिल्लक राहिला तर तो गेलाच.

मग चार रीती. पहिली सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

पहिली रीत म्हणजे डाळीत घोटलेली भाजी. आपल्याकडे हिला कुणी गरगटा म्हणतं, घट्ट ठेवली तर मुद्दा भाजी. चौघांसाठी एक मोठी जुडी पाला, अर्धी वाटी तूरडाळ, मूठभर शेंगदाणे. डाळ आणि शेंगदाणे हळद घालून वेगळे मऊ शिजवा. पाला चिरून वेगळा शिजवा. वेगळा का, तर चुका आणि अंबाडी आंबट असतात, आणि आंबटात डाळ शिजत नाही. कुकरमध्ये सगळं एकत्र घातलं की डाळीचे दाणे टणक राहतात, आणि मग भाजी जमली नाही असं वाटतं. पाला शिजवताना पहिली पाच मिनिटं झाकण ठेवू नका, रंग टिकतो. अंबाडी फार आंबट असेल तर उकळून पाणी काढा आणि हातानं दाबून पिळून घ्या. चुक्याला हे करायचं नाही, तो चिरल्यावर कढईतच विरघळतो.

दोन्ही शिजलं की रवीनं घोटा, चमचाभर बेसन किंवा ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावा, मीठ, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि आंबट पाल्याला सुपारीएवढा गूळ घाला आणि पाच-सात मिनिटं खदखदू द्या. पीठ लावलं नाही तर पाणी एकीकडे आणि भाजी एकीकडे होते. अंबाडीत डाळीबरोबर ज्वारीच्या कण्या शिजवून घातल्या तर फारच छान, कारण कण्या आंबटपणा शोषून घेतात आणि भाजीला अंग येतं. शेवटी फोडणी, आणि ती वरून. तेल सढळ, मोहरी, हिंग, सुक्या लाल मिरच्या आणि दहा-बारा लसूण पाकळ्या ठेचून, तांबूस होईपर्यंत. निम्मी फोडणी भाजीत ओता आणि निम्मी वाटीत ठेवून ताटात वाढताना घाला. आमच्याकडे या भाजीला परत मागणारी माणसं फोडणीसाठीच परत मागतात.

पालक, चाकवत, चुका, अंबाडी, राजगिरा, मुळ्याचा पाला, बीटचा पाला, सगळं या एका रीतीत बसतं. दोन-तीन पाले एकत्र केले तरी चालतं, उलट बरं लागतं. आंबट एक, बेचव एक असं जोडा. चुका आणि पालक, अंबाडी आणि राजगिरा. घरात कुणाला मूतखड्याचा त्रास असेल तर मात्र चुका, पालक वारंवार खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी रीत पीठ पेरून. डब्याला नेण्याजोगी. कांद्याची पात, मेथी, मुळ्याचा पाला, करडई, कोबी, ढोबळी मिरची. तेलात जिरं, लसूण, मिरची, त्यावर भाजी. भाजीला स्वतःचं पाणी सुटलं की लगेच, ते आटायच्या आत, अर्धी वाटी बेसन चिमटीनं भुरभुरवायचं. पाणी आटल्यावर पीठ पेरलं तर ते कच्चं राहतं आणि घशाला चिकटतं. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं वाफ द्या, मध्ये एकदाच हलवा. हरभऱ्याच्या पाल्याला बेसनाऐवजी ज्वारीचं पीठ किंवा भिजवलेल्या कण्या जास्त जुळतात. या पाल्यावर नैसर्गिक आंब असते, तिच्यामुळेच चव येते, म्हणून तो पाण्यात भिजत ठेवायचा नाही. एकदा पटकन पाण्यातून काढायचा आणि लगेच चिरायचा.

तिसरी, दाण्याच्या कुटाचा रस्सा. ही तुम्हाला येतच असेल. वांगी, दोडका, घेवडा, गवार, दुधी. कांदा-लसूण परतून काळं तिखट, भाजी, गरम पाणी आणि शेवटी कूट. एवढंच सांगते की कूट फार बारीक करू नका आणि ते घातल्यावर मंद आचेवर तेल सुटेपर्यंत थांबा. गवार आधी कोरडी परतून घेतली तर तिचा उग्रपणा जातो.

चौथी रीत कच्ची. कोवळी मेथी, कांद्याची पात किंवा हरभऱ्याचे शेंडे बारीक चिरून त्यात कांदा, दाण्याचं कूट, मीठ, तिखट, थोडं कच्चं तेल आणि लिंबू. यालाच घोळाणा म्हणतात. जेवायला बसतानाच कालवा, नाहीतर पाणी सुटतं. पाच मिनिटांत अर्धी जुडी संपते आणि गॅसही लागत नाही. दोडक्याच्या शिरा आणि दुधीची साल तिळाबरोबर परतून चटणी करा. शेंगाचटणी आपल्या घरात असतेच, तिच्या शेजारी ही ठेवा.

एवढं करूनही बुधवारी काही मलूल पाला उरलाच तर धपाटे. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बेसन आणि कणीक अर्धी-अर्धी वाटी, तीळ, ओवा, लसूण-मिरची, दही आणि चिरलेला पाला. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाका. मलूल पानाची चव धपाट्यात कमी होत नाही. पिवळं किंवा बुळबुळीत पान मात्र घालू नका.

म्हणजे शनिवारी निवडणं, नाजूक पाला आधी, घोटलेली भाजी रात्री, पीठ पेरलेली डब्याला, आणि उरलंसुरलं धपाट्यात. एवढी घडी बसली की निम्मी काळजी मिटते.

मुलांबद्दल. शेपू लपवून घालण्यापेक्षा कमी घालून सुरुवात करा. एक भाग शेपू, दोन भाग पालक आणि भिजवलेली मूगडाळ. शेपूचा वास ठेचलेल्या लसणानं सौम्य होतो. आंबट भाजी मुलांना सहसा आवडते, फक्त तिखट कमी आणि गूळ जरा जास्त ठेवा. आणि शनिवारी निवडायला त्यांना बसवा. शेंगा सोलणं, पानं खुडणं ही कामं मुलं आवडीनं करतात आणि स्वतः निवडलेली भाजी चाखून तरी बघतात. खानावळीत आईबापांबरोबर येणाऱ्या मुलांमध्येही मी हेच बघितलंय की ताटात काय आहे ते आधी ओळखीचं व्हावं लागतं.

शेजाऱ्यांनाही विचारा, हे मनापासून सांगते. आपलं शहर यासाठी फार भाग्यवान आहे. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत अंबाडीला गोंगुरा म्हणतात. पानं तेलात परतून, लाल मिरची आणि लसूण घालून केलेली त्यांची चटणी आठवडाभर टिकते, कारण आंबट, मीठ आणि तेल तिन्ही तिला राखतात. कन्नड घरांत तीच पुंडी पल्ले होते, कण्या घातलेली. तुमच्या पिशवीतल्या अनोळखी भाजीची कृती तुमच्याच गल्लीत कुणाला तरी हातची येत असते.

आणि हा महिना तर पिशवी रिकामी करायचाच आहे. वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला रानात जाऊन जेवायचा शेतकऱ्यांचा सण. तिची भज्जी म्हणजे रानात त्या वेळी जे असेल ते सगळं एका पातेल्यात: तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, चुका, पात, आणि त्याला ताकात किंवा पाण्यात कालवलेलं बेसन. ज्यांचं रान नाही त्यांनी घरी करावी. दाणे आधी शिजवून घ्या, चुका मागाहून, कारण आंबटाचं मघाशी सांगितलं तेच इथंही लागू. मग भोगी येते, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत. घेवडा, वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा, तिळाचं कूट, आणि शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी. या दोन्ही भाज्या कुणीतरी हंगाम बघून घडवल्या आहेत, आणि तुमच्या पिशवीत तेव्हा नेमक्या याच वस्तू असतील.

फेब्रुवारीपासून आपलं ऊन कामाला लावा. जास्तीची मेथी आणि हरभऱ्याचा पाला घरातच सावलीत, वाऱ्यावर वाळवा, म्हणजे हिरवेपणा राहतो. गवार मिठाच्या पाण्यातून उकळून काढून कडक उन्हात टाका. वांग्याच्या चकत्या, टोमॅटोच्या फोडीही तशाच. पूर्ण कडकडीत झाल्यावर कोरड्या डब्यात. मे महिन्यात पिशवी हलकी होते तेव्हा वाळलेली हरभऱ्याची भाजी घोटून केली की घरातली वडीलधारी माणसं खूश होतात.

आता पैसे भरावेत का. हा व्यवहार कशावर उभा आहे ते आधी लक्षात घ्या. जपानमध्ये १९७० च्या दशकात घरांनी मिळून थेट शेतकऱ्यांशी अशी बांधणी केली, अमेरिकेत १९८६ मध्ये अशी पहिली शेतं सुरू झाली. सगळीकडे तत्त्व एकच: पैसे आधी, म्हणजे बियाणं, मजुरी निघते, आणि पीक कमी-जास्त झालं तर ते दोघांनी मिळून सोसायचं. ज्या घराला ठरावीक भाजी ठरावीक दिवशी लागतेच, त्याला हे जमत नाही, आणि त्यात काही गैर नाही. मंडईसुद्धा शेतकऱ्याचीच भाजी विकते. पण तुमच्या बाबतीत मला वाटतं, पूर्ण बंद करण्याआधी अर्धा वाटा मागून बघा, किंवा शेजारच्या घराशी मिळून एक वाटा घ्या. चौघांना, त्यातही दोघं दिवसभर बाहेर असताना, सात किलो जास्तच आहे. इतकी भाजी संपली नाही यात तुमचा काही दोष नाही.

शिवाय गटाशी बोला. शेतकऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. तीन गोष्टी विचारा. एक, मेथी-शेपूची पेरणी दहा-दहा दिवसांच्या अंतरानं करता येईल का, म्हणजे सगळा पाला एकदम येणार नाही. दोन, पुढच्या शनिवारी काय येणार ते गुरुवारी कळवाल का, म्हणजे मला डाळ, कण्या, पीठ आणून ठेवता येईल. तीन, भाजी वाटता तिथे एक अदलाबदलीची पाटी ठेवाल का, ज्यात नको असलेली जुडी टाकून दुसरी उचलता येईल. आमच्या शेतावर या तिन्ही गोष्टी ग्राहकांनी मागितल्यावर सुरू झाल्या, आणि वाया जाणाऱ्या भाजीत सगळ्यात मोठा फरक त्या पाटीनं पडला.

या शनिवारी अंबाडी आली तर डाळ आणि कण्या शुक्रवारी रात्रीच मोजून ठेवा. पहिल्या खेपेला आंबट जास्त झालं तर घाबरू नका, आणखी थोडी शिजलेली डाळ घोटून घाला आणि गूळ वाढवा. जमली की नाही ते कळवा, आणि चुक्याबद्दल अडलं तर पुन्हा विचारा.